प्रेम, मैत्री आणि मोठं होणं: नव्या लेखकांच्या पहिल्या कादंबऱ्या वाचायला कशी सुरुवात करायची

"मला कादंबऱ्या वाचायच्यात, प्रेमाबिमाची, दोस्तीची, आपल्या वयाची काहीतरी सांग ना" असं कोणी म्हटलं की लोक लगेच दहा नावांची यादी फॉरवर्ड करतात, मग तो बिचारा त्यातलं सगळ्यात गाजलेलं पुस्तक आणतो, तिसाव्या पानावर अडकतो आणि नंतर वर्षभर पुस्तकाकडे फिरकत नाही. म्हणून इथे नावं येतील पण यादी नाहीये, पद्धत आहे. आणि ती पण फक्त लेखकांच्या पहिल्या कादंबऱ्यांसाठी, कारण नवीन वाचकाने सुरुवात तिथूनच करावी असं माझं ठाम मत आहे. पहिल्या कादंबरीत लेखक बहुतेक वेळा स्वतःचंच काहीतरी घेऊन येतो, आपलं गाव, आपलं होस्टेल, घरातली भांडणं, मित्र कसे बोलायचे ते. पुढच्या पुस्तकांत तो जास्त सफाईदार होतो, विषय शोधायला लागतो, अभ्यास करून लिहितो. पहिल्यात मात्र जे आतून येतं ते येतंच.

त्यामुळे पुस्तक निवडताना गोष्ट काय आहे हे नंतर बघा, जग कुठलं आहे ते आधी बघा.

पायरी १: आपल्याला आयुष्याचा कुठला तुकडा वाचायचाय ते ठरवा

शाळा, कॉलेज-होस्टेल, पहिली नोकरी, की घर? हे चार वेगवेगळे प्रकार आहेत आणि चारहीमध्ये मोठं होणं वेगळं असतं. शाळेचं वय आवडत असेल तर मराठी वाचकाने बहुतेक मिलिंद बोकीलांची 'शाळा' (२००४) वाचलेली असतेच, नववीतला मुकुंद, शिरोडकर, आणि मागे आणीबाणी. बोकीलांच्या कथा त्याआधी छापून आल्या होत्या, त्यामुळे तिला काही मी नवख्याचं पहिलं पुस्तक म्हणणार नाही, पण तुम्हाला हा प्रकार झेपतो का ते तपासायला ती उत्तम आहे. ती आवडली की लहान मुलाच्या तोंडून मोठ्यांचं जग सांगणारी दुसरी पुस्तकं शोधायची. दीपा अनप्पारा यांची पहिली कादंबरी 'जिन पट्रोल ऑन द पर्पल लाइन' (२०२०) अशीच आहे, झोपडवस्तीतला नऊ वर्षांचा जय, त्याचे मित्र परी आणि फैज, वस्तीतली मुलं एकेक करून गायब व्हायला लागतात आणि ही तिघं डिटेक्टिव्ह बनून शोधायला निघतात. सुरुवातीला खेळ वाटतो, पुढे वाचताना छातीवर दगड येतो.

होस्टेल हवं असेल तर पर्याय भरपूर आहेत. चेतन भगत यांचं 'फाइव्ह पॉइंट समवन' २००४ मध्ये आलं, दिल्ली आयआयटीतले हरी, रायन, आलोक, तेव्हा किंमत ९५ रुपये. ज्यांनी आयुष्यात इंग्रजी पुस्तक हातात घेतलं नव्हतं अशा हजारो पोरापोरींनी ते संपवलं, आणि याबद्दल मला त्या पुस्तकाचा आदर आहे, नाक मुरडणाऱ्यांनी मुरडावं. सत्य व्यास यांची हिंदी 'बनारस टॉकीज' (२०१५) बीएचयूच्या, म्हणजे बनारस हिंदू विद्यापीठाच्या लॉ होस्टेलमधली, हिंदी सिनेमे बघणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला सहज कळेल अशी. आणि स्पर्धा परीक्षेच्या चक्रात असाल किंवा घरात कोणी असेल तर निलोत्पल मृणाल यांची 'डार्क हॉर्स' वाचा, दिल्लीच्या मुखर्जीनगरमधली यूपीएससीवाली पोरं आहेत, पण सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून अभ्यासिकेत बारा-बारा तास बसलेल्याला पानापानावर ओळखीचं सापडेल. तिला २०१६ चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला.

नोकरीचं वय म्हणजे उपमन्यु चॅटर्जी यांची 'इंग्लिश, ऑगस्ट' (१९८८). अगस्त्य सेन नावाचा शहरी मुलगा आयएएस होऊन मदना नावाच्या काल्पनिक गावात पडतो आणि कंटाळतो, बस, एवढंच होतं, आणि तेवढंच भारी आहे. चॅटर्जी स्वतः महाराष्ट्र केडरचे अधिकारी होते हे माहीत असलं की कलेक्टर ऑफिसातली ती दुपार अजूनच खरी वाटते.

घराबद्दल खाली सविस्तर बोलू, कारण माझ्या मते सगळ्यात चांगली पुस्तकं त्या गटात आहेत.

पायरी २: भाषा ठरवा, आणि लाजू नका

ज्या भाषेत तुम्ही मनातल्या मनात भांडता त्या भाषेतलं पहिलं पुस्तक घ्या. मराठीत भांडत असाल तर मराठी. इंग्रजी वाचलं म्हणजे वाचन झालं असं काही नसतं, आणि उलट मराठीच वाचलं पाहिजे असाही नियम नाही. पहिली दोन पुस्तकं सोप्या भाषेतली, मग एक अनुवादित, मग हवं तर थेट इंग्रजी, असा क्रम बऱ्याच जणांना जमतो.

अनुवाद घेताना कव्हरवर किंवा आतल्या पानावर अनुवादकाचं नाव बघा. चांगला अनुवादक म्हणजे अर्धी लढाई जिंकली. जेरी पिंटो यांची पहिली कादंबरी 'एम अँड द बिग हूम' (२०१२) मराठीत शांता गोखले यांनी 'एम आणि हूमराव' या नावाने आणलीय, ती वाचताना माहीममधलं ते गोव्याकडचं ख्रिश्चन कुटुंब मराठीत बोलतंय यात काही खटकत नाही.

पायरी ३: पुस्तक मिळवा, पण सगळं विकत घेऊ नका

नवीन माणसाने पहिलं पुस्तक वाचनालयातून आणावं. आवडलं नाही तर परत, पैसे बुडाले म्हणून ओढूनताणून संपवायची सक्ती नाही. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यामुळे गावोगावी सार्वजनिक वाचनालयं आहेत, डिपॉझिट आणि महिन्याची वर्गणी एका सिनेमाच्या तिकिटापेक्षा बऱ्याचदा कमी असते. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, मुंबईचं १८९८ पासून. तिथल्या काउंटरवर बसणाऱ्या ताई-काकांना विचारा, "नवीन लेखकाचं काही आलंय का, तरुणांबद्दलचं?" ही माणसं रोज पुस्तकं हाताळतात, कोणतं पुस्तक वाचून लोक खूश होऊन परत देतात हे त्यांना बरोबर माहीत असतं.

दुकानात गेलात, म्हणजे पुण्यात अप्पा बळवंत चौक किंवा दादरला वगैरे, तर उभ्या उभ्या तीन पानं वाचा: पहिलं पान, मधलं कुठलंही एक, आणि जिथे दोन माणसं बोलतायत असं एक. संवादाचं पान महत्त्वाचं, कारण नवखा लेखक सगळ्यात जास्त तिथे उघडा पडतो. पोरं पोरांसारखी बोलतायत का, की सगळी एकाच सुरात भाषण देतायत? ऑनलाइन घेत असाल तर सँपल चाप्टर फुकट मिळतो, तो वाचल्याशिवाय ऑर्डर टाकू नका.

ही खरंच लेखकाची पहिली कादंबरी आहे का हे बघायला पुस्तकाची सुरुवातीची पानं चाळा. 'प्रथमावृत्ती' समोरचं वर्ष, आणि 'लेखकाची अन्य पुस्तके' हा रकाना. तो रकाना रिकामा असेल किंवा त्यात फक्त कवितासंग्रह, कथासंग्रह असेल तर तुमच्या हातात पहिली कादंबरी आहे. प्रथमावृत्तीच्या खाली पुनर्मुद्रणांची रांग लागलेली असेल तर लोक ते पुस्तक अजून मागतायत असं समजायला हरकत नाही.

नवीन नावं कुठनं कळतात? दोन जागा. एक दिवाळी अंक, १९०९ च्या 'मनोरंजन'पासून ही आपली परंपरा आहे आणि आजही मराठीतला नवा लेखक बहुतेक वेळा आधी दिवाळी अंकात कथा लिहितो आणि मग कादंबरीकडे वळतो, त्यामुळे कथा आवडली की नाव लिहून ठेवा. दुसरी जागा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार, २०११ पासून दरवर्षी प्रत्येक भाषेत पस्तिशीच्या आतल्या लेखकाला मिळतो. त्यात कविता, कथा, नाटकं पण असतात म्हणून कादंबऱ्या वेगळ्या काढायच्या. मराठीत २०१४ ला अवधूत डोंगरे यांची 'स्वतःला फालतू समजण्याची गोष्ट', २०१८ ला नवनाथ गोरे यांची 'फेसाटी', २०२१ ला प्रणव सखदेव यांची 'काळेकरडे स्ट्रोक्स', २०२४ ला देविदास सौदागर यांची 'उसवण', २०२५ ला प्रदीप कोकरे यांची 'खोल खोल दुष्काळ डोळे'. एवढी नावं घेऊन वाचनालयात गेलात तरी वर्षभराचं काम झालं.

पायरी ४: पहिली पन्नास पानं कशी वाचायची

इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण बहुतेक लोक इथेच सोडतात.

पन्नास पानांपर्यंत एकच प्रश्न मनात ठेवा, हे कोण बोलतंय आणि कोणाशी? पुढे काय होणार, ही दोघं एकत्र येणार का, ते सगळं राहू द्या. सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' (मौज, २००६) हे यासाठी माझं सगळ्यात आवडतं उदाहरण आहे. पुण्यातलं एक साधं मध्यमवर्गीय घर, वरच्या खोलीत एक पेइंग गेस्ट येतो, आणि घरातला मुलगा तनय आणि मुलगी अनुजा दोघंही त्याच्याच प्रेमात पडतात. एवढं तर कव्हरवरच कळतं, म्हणजे लेखकाला ते लपवायचंच नाहीये. मग वाचायचं काय? तर आवाज. पहिला अर्धा भाग तनय त्या निघून गेलेल्या माणसाशी बोलतोय, "तू" म्हणून, आणि बोलताना आठवणी कशाही पुढेमागे येतात, कारण ज्याला कोणाजवळ बोलताच येत नाही तो मनात असाच बोलतो. दुसऱ्या भागात अनुजाची डायरी आहे, तिचा सूर कोरडा, सरळ, तारखेवार चालणारा. तोच माणूस, तेच घर, तेच दिवस, पण दोघांनी पाहिलेलं वेगळं, आणि त्या माणसाला अख्ख्या पुस्तकात नाव नाहीये. दोन आवाजांतला हा फरक कानाला लागला ना, की तुम्हाला कादंबरी वाचता येते, यापेक्षा मोठं कुठलंही ट्रेनिंग नाही.

आणि आजूबाजूचं पण लक्षात घ्या. हे पुस्तक आलं तेव्हा समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ चालू होतं, सुप्रीम कोर्टाने ते प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं काढलं ६ सप्टेंबर २०१८ ला, म्हणजे बारा वर्षांनी. तनय घोषणा देत नाही, चळवळीबद्दल बोलत नाही, तो फक्त एका माणसाची वाट बघतो, आणि २००६ च्या मराठीत हे इतक्या साधेपणाने लिहिणं ही खूप मोठी गोष्ट होती. मला आजही ते पुस्तक कोणाला तरी वाचायला द्यावंसं वाटतं ते यासाठी. (२०२२ ला नेटफ्लिक्सवर सिनेमा आला, तो कुंडलकरांचाच, पण तो केरळात घडतो. आधी पुस्तक वाचा, पुण्यातलं घर आधी डोळ्यासमोर उभं राहू द्या.)

पन्नास पानांनंतर आवाज कानाला लागलाच नाही तर सोडा, बिनधास्त. सहा महिन्यांनी परत बघा. अरुंधती रॉय यांची 'द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज' (१९९७, बुकर) ही पण पहिलीच कादंबरी, केरळातली जुळी भावंडं एस्था आणि राहेल, जातीच्या पलीकडचं प्रेम, सगळं आपल्या विषयातलं, पण काळ सतत मागेपुढे उड्या मारतो आणि पहिल्याच प्रकरणात शेवटाचं बरंच सांगून टाकलेलं असतं. सातवं-आठवं पुस्तक म्हणून घ्या, मग सोन्यासारखं आहे. तेच 'कोसला'चं. भालचंद्र नेमाड्यांनी पंचविसाव्या वर्षी लिहिलेली, १९६३ ची, सांगवीतून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग, होस्टेल, बहिणीचा मृत्यू, मराठीतल्या नंतरच्या कितीतरी पहिल्या कादंबऱ्यांमध्ये तिचा सूर ऐकू येतो. पण तीन-चार आजच्या कादंबऱ्या वाचून मग तिच्याकडे गेलात तर कोणी कुठून काय घेतलं ते दिसतं, आणि मजा दुप्पट होते.

पायरी ५: काय माफ करायचं आणि काय नाही

पहिल्या कादंबरीत काही गोष्टी होणारच. मधली चाळीस पानं जास्तीची असतील, लेखकाला आवडलेलं सगळं त्याने कोंबलेलं असेल, शेवट घाईत उरकला असेल. माफ करा. पण समोरची मुलगी फक्त हिरोला शहाणं करण्यासाठी असेल, तिला स्वतःची नोकरी, मत, राग, मैत्रीण काहीच नसेल, तर ते माफ करू नका. अशी पुस्तकं ढिगाने आहेत. मुलगी मरते किंवा सोडून जाते आणि मुलगा मोठा होतो. हे एकदा दिसायला लागलं की दिसतच राहतं, आणि मग चांगलं पुस्तक लगेच ओळखू येतं.

पायरी ६: प्रेमाच्या आसपासचं घर बघा

आपल्याकडच्या प्रेमकथेत दोन माणसं कधीच एकटी नसतात. घर असतं, जात असते, भाड्याची खोली असते, शेजारच्या काकू असतात, आणि गंमत म्हणजे चांगला लेखक प्रेमापेक्षा त्यावरच जास्त पानं खर्च करतो. अमृता महाले यांची पहिली कादंबरी 'मिल्क टीथ' (२०१८) घ्या. नव्वदीतलं माटुंगा, जुनी बिल्डिंग, रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा, त्याच बिल्डिंगमध्ये एकत्र वाढलेली इरा कामत आणि कार्तिक किणी, दोघंही कोकणी बोलणाऱ्या घरांतली. इरा पत्रकार आहे, आणि तिच्या आयुष्यात कैझ नावाचा एक मुलगा येऊन गेलाय. आता लग्न कोणाशी करायचं हा प्रश्न आणि ही बिल्डिंग पाडायची का हा प्रश्न, दोन्ही एकत्र चालतात, आणि मुंबईत राहणाऱ्या कोणालाही कळेल की हे दोन प्रश्न तसे वेगळे नाहीतच. वाचताना एक काम करा, प्रत्येक महत्त्वाचा प्रसंग कुठल्या जागेत घडतो ते पेन्सिलने मार्जिनमध्ये लिहा (पुस्तक स्वतःचं असेल तर!). जिना, गच्ची, लोकल, इराण्याचं हॉटेल. आपल्या शहरात तरुण माणसांना बोलायला जागाच किती कमी आहेत ते त्या मार्जिनमधल्या खुणा सांगतात.

'एम आणि हूमराव' पण याच पायरीवर. माहीमचा वन बीएचके, आईला बायपोलर आजार, मुलगा आईबापांची जुनी पत्रं वाचून त्यांचं प्रेम कसं झालं ते शोधतोय. आपले आईबाप आपल्याआधी कोणीतरी होते हे कळणं, मला वाटतं मोठं होण्यातला सगळ्यात अवघड टप्पा हाच. हे पुस्तक लिहायला पिंटोंना दोन दशकांहून जास्त काळ लागला, आणि २०१६ ला त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

जिथे घरच हलाखीचं असतं तिथे प्रेमाला जागाच उरत नाही, 'फेसाटी' वाचताना हे कळतं. जतकडच्या दुष्काळी भागातल्या धनगर कुटुंबातला मुलगा, शिकायचंय, आणि शिकायला दरवेळी कशाशी तरी भांडावं लागतं. बोली सुरुवातीला अडते, मोठ्याने वाचा, दहा पानांत सुटते. शहरातल्या वाचकाने हे पुस्तक टाळू नये, तरुणपण म्हणजे कॅफे आणि ब्रेकअप एवढंच नसतं.

मैत्रीचं एक निरीक्षण. मुलांच्या दोस्तीवर आपल्याकडे होस्टेलभर कादंबऱ्या आहेत, मुलींच्या मैत्रीवर फार कमी. भारतात जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या शोभा राव यांची 'गर्ल्स बर्न ब्राइटर' (२०१८) आंध्रातल्या पूर्णिमा आणि सविता या दोन मुलींबद्दल आहे, एकमेकींपासून तुटतात आणि मग शोधत राहतात. प्रचंड हिंसा आहे तिच्यात, मन घट्ट करून वाचा, हलकंफुलकं हवं असेल त्या आठवड्यात घेऊ नका. हलकंफुलकं हवं असेल तर अनुजा चौहान यांची 'द झोया फॅक्टर' (२००८), क्रिकेट, जाहिरात कंपनी आणि मस्त भांडकुदळ हिरॉईन, एका रविवारात संपते.

पायरी ७: संपल्यावर

लगेच रेटिंग देऊ नका. दोन दिवस जाऊ द्या आणि मग पहिलं प्रकरण परत वाचा, फक्त पहिलं. शेवट माहीत असताना पहिलं प्रकरण वेगळंच दिसतं. मग एका माणसाशी बोला, ग्रुपवर टाकण्यापेक्षा एकाशीच, ज्याने ते वाचलंय त्याच्याशी किंवा ज्याने वाचावं असं तुम्हाला वाटतं त्याच्याशी. आणि लिहिणारच असाल तर गोष्ट सांगू नका, तुम्हाला कुठलं पात्र पटलं नाही आणि का, एवढं लिहा. नवीन लेखक वाचकांचं लिहिलेलं खरंच वाचतात, मराठीत तर आवृत्त्या इतक्या छोट्या निघतात की वाचकाचे चार प्रामाणिक शब्द त्यांच्यापर्यंत पोचतातच.

पुढचं पुस्तक कसं निवडायचं

यादीवरनं निवडण्यापेक्षा माणसावरनं माणसाकडे जा. 'कोबाल्ट ब्लू'चा इंग्रजी अनुवाद जेरी पिंटोंनी केलाय (२०१३), त्यांची स्वतःची कादंबरी मराठीत शांता गोखल्यांनी आणली, आणि गोखले स्वतः मराठी-इंग्रजी दोन्हीत लिहितात, म्हणजे एकाच पुस्तकावरनं तुम्हाला तीन लेखक मिळाले. किंवा शहरावरनं शहराकडे जा. 'मिल्क टीथ'मधली नव्वदीतली मुंबई आवडली तर देविका रेगे यांची 'क्वार्टरलाइफ' (२०२३) घ्या, २०१४ च्या निवडणुकीनंतरची मुंबई, अमेरिकेतून परत आलेला नरेन आगाशे, त्याचा भाऊ रोहित, मित्रांमध्ये राजकारणावरनं पडत जाणारी फट. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये गेल्या दहा वर्षांत जे झालं ते त्यात आहे. पण ती जाड आहे आणि चर्चा भरपूर, म्हणून आधी दोन बारीक पुस्तकं संपवा, मग तिला एक अख्खा पावसाळा द्या.